मतदान केंद्रावरचा रॅम्प, ब्रेल आणि सोबती: काय मागायचं, कुणाकडे, केव्हा

सासरे व्हीलचेअरवर, सासूबाईंची दृष्टी उतारवयात गेलेली, केंद्र पालिका शाळेत तीन पायऱ्या चढून, आणि गेल्या वेळी मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षांना सांगूनही काही हाललं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी हलणं कठीणच होतं. केंद्राध्यक्ष आदल्या दिवशी यंत्रं घेऊन तिथे पोचतात. इमारतीत फेरफार करायला त्यांच्याकडे ना वेळ असतो, ना साहित्य. हे काम आधी, लेखी आणि मापं देऊन करून घ्यावं लागतं.

पहिल्यांदा टेप घेऊन शाळेत जा. सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच चढ. रॅम्पचा मान्य उतार १ः१२, म्हणजे लांबी १८ फूट हवी. प्रत्यक्षात टाकली जाते सहा-आठ फुटांची प्लायवूडची फळी. तिच्यावर चढताना खुर्ची मागे कलंडते, मग दोघं-तिघं माणसाला खुर्चीसकट उचलतात आणि कागदावर ‘रॅम्प उपलब्ध’ अशी नोंद होते. माझ्या मते हा असलेला रॅम्प नसल्यापेक्षा वाईट, कारण तक्रारीला जागाच उरत नाही. म्हणून ‘रॅम्प द्या’ असं कधीही मोघम लिहू नका, लांबी आणि उंची लिहा. वरच्या टोकाला खुर्ची वळवण्याइतकी, साधारण पाच बाय पाच फूट सपाट जागा आणि दाराची मोकळी रुंदी तीन फूट, हेही मोजा. फाटकापासून खोलीपर्यंत खडी किंवा उखडलेले ब्लॉक असतील तर त्याचाही फोटो काढा.

बऱ्याच शाळांत व्हरांड्यासमोर १८ फूट जागाच नसते. अशा वेळी रॅम्पसाठी भांडण्यापेक्षा खोली बदलून मागणं सोपं. मतदार यादीच्या पुनरीक्षणाच्या सुमारास केंद्रांचं सुसूत्रीकरण, म्हणजे कोणतं केंद्र कुठे ठेवायचं याची फेरमांडणी होते आणि केंद्रांची प्रारूप यादी सूचनांसाठी प्रसिद्ध होते. तीच वेळ गाठायची. निवडणूक जाहीर झाल्यावर केंद्र हलवणं फार अवघड होतं. पत्र मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना. मजकूर एवढाच पुरे:

‘यादी भाग क्र. …, खोली क्र. ४. प्रवेशाला तीन पायऱ्या, एकूण उंची १८ इंच, सध्याची फळी ७ फूट. याच आवारात खोली क्र. १ जमिनीलगत असून दार ३ फूट रुंद आहे. केंद्र तिथे हलवावे, अन्यथा १ः१२ उताराचा, कठडे असलेला रॅम्प करावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ११.’

फोटो जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. प्रत्येक मतदान केंद्र दिव्यांगांना वापरता येईल असं असणं ही निवडणूक आयोगाची जबाबदारी आहे, असं कलम ११ सांगतं. रॅम्पबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच आदेश दिले आहेत. उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवा.

त्याच सुमारास दोघांचेही नमुना ८ भरा. पत्ता बदलण्यासाठी वापरतात तोच हा अर्ज, त्यात दिव्यांग म्हणून नोंद करण्याचा पर्याय आहे. ही नोंद नसेल तर यंत्रणेच्या हिशेबात तुमच्या केंद्रावर दिव्यांग मतदारच नाहीत. पुढे निवडणूक लागली की निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरून किंवा १९५० या मतदार हेल्पलाइनवर व्हीलचेअर मागता येते.

आता सासूबाई. बॅलट युनिटवर, म्हणजे मतदान यंत्राच्या बटणं असलेल्या भागावर, बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. केंद्राध्यक्षांकडे ब्रेल नमुना मतपत्रिका मागायची, त्यावर उमेदवाराचा क्रमांक वाचायचा, मग आत जाऊन तोच क्रमांक बोटाने शोधून बटण दाबायचं. लांब बीप वाजला की मत नोंदलं गेलं. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुधा ब्रेल येत नाही, पण इथे लागतात फक्त १ ते १६ हे आकडे, आणि तेवढे घरी सरावाने येतात. उमेदवारांचे क्रमांक आधी पाठ करून घ्या. ‘नोटा’ धरून पर्याय १६ च्या वर गेले तर दुसरं युनिट जोडलेलं असतं. आपला उमेदवार कोणत्या युनिटवर आहे ते आत जाण्यापूर्वी विचारून ठेवा. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची चिठ्ठी मात्र सात सेकंद काचेआड दिसते, ती त्यांना स्वतः पडताळता येत नाही. ही उणीव अजून तशीच आहे आणि ती लेखी मांडत राहायला हवी.

घोळ होतो तो सोबत्यावरून. अंध मतदार दिसला की ‘कुणीतरी बरोबर जा’ म्हणतात आणि एखादा पोलिंग एजंट पुढे सरसावतो. निवडणूक घेण्याच्या नियमांतल्या नियम ४९-एन प्रमाणे सोबती मतदाराच्या पसंतीचा, १८ वर्षांवरचा. गुप्तता पाळण्याचं प्रतिज्ञापत्र त्याला द्यावं लागतं, नमुना १४-अ मध्ये नोंद होते, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. म्हणजे सासूबाईंबरोबर एक जण गेला तर सासऱ्यांबरोबर दुसरा हवा. सासऱ्यांना बटण स्वतः दाबता येत असेल तर खुर्ची ढकलणाऱ्याने मतदान कक्षाबाहेर थांबायचं. त्यांचं मत गुप्तच राहिलं पाहिजे.

‘एवढा त्रास कशाला, घरून मतदान करा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्यासाठीचा अर्ज, म्हणजे नमुना १२-ड, ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो, आणि एकदा मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण सासूबाईंना घरी कागदी मतपत्रिका मिळेल आणि तिच्यावर खूण करायला पुन्हा दुसऱ्याचे डोळे लागतील. ब्रेलचे आकडे शिकायची तयारी असेल तर त्यांनी केंद्रावरच जावं असं मी म्हणेन.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे १२-ड चालत नाही. कलम ११ मात्र त्या आयोगालाही लागू आहे, तेव्हा पत्र वेगळं द्या. बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं असतं, त्यामुळे चारही क्रमांक पाठ हवेत आणि वेळही जास्त लागतो. रांगेत घाई होऊ नये म्हणून सकाळी लवकर जा.