वाचकांचे प्रश्न : रोपाच्या उंचीचं गणित

प्रश्न : बारावीच्या प्रकल्पासाठी मोहरी काळोखात, काळ्या शेडनेटखाली आणि उन्हात उगवली. शेडनेटखालची दांडी उन्हातल्यापेक्षा लांब निघाली. पण फायटोक्रोमचं (रोपातल्या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचं) सूत्र एक्सेलमध्ये घातलं की दोन्हीकडे एकच उत्तर येतं. काय चुकतंय?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : लाल प्रकाश (सुमारे ६६० नॅनोमीटर) फायटोक्रोमला सक्रिय करतो, अतिलाल (सुमारे ७३०) निष्क्रिय करतो. तुम्ही बहुधा एवढेच दोन वेग धरलेत. सक्रिय वाटा स, प्रकाश प्र, सक्रिय होण्याच्या वेगाचा गुणक अ आणि निष्क्रिय होण्याच्या वेगाचा ब धरला तर

स = अप्र ÷ (अप्र + बप्र)

इथे प्र कटून जातो; उरतं ते रंगांचं प्रमाण. दाट झाडाखाली एवढं बऱ्यापैकी चालतं, कारण पानं लाल शोषतात आणि अतिलाल खाली सोडतात. काळी जाळी मात्र रंग फारसे बदलत नाही, उजेडच कमी करते.

राहिलं ते हे, की सक्रिय रूप प्रकाशाशिवाय आपसूकही निष्क्रिय होतं. तो वेग र छेदात मिळवा:

स = अप्र ÷ (अप्र + बप्र + र)

नमुन्यादाखल अ = ०.८५, ब = ०.१५, र = १ (ताशी) घ्या. प्र १ असताना स ०.४३, १० ला ०.७७, १०० ला ०.८४. उष्णतेने र वाढतो. तो ३ केला तर हेच आकडे ०.२१, ०.६५, ०.८३ होतात. म्हणजे उकाड्याचा फटका अंधुक उजेडात जास्त. फायटोक्रोम-बी (फायटोक्रोमचाच एक प्रकार) असा तापमापकाचंही काम करतो, हे २०१६ मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या रोपावर दाखवलं गेलं.

आता उंची. सक्रिय फायटोक्रोम-बी वाढ घडवणाऱ्या ‘पिफ’ प्रथिनांना आवर घालतो, म्हणून ताशी वाढ = ग × क² ÷ (क² + स²). ग म्हणजे स शून्य असतानाची वाढ, ती काळोखातल्या रोपांवरून काढा; क म्हणजे ज्या स ला वाढ निम्मी होते तो, तो उन्हातल्यांवरून. शेडनेटची रोपं पडताळ्यासाठी राखून ठेवा, नाहीतर मॉडेलची परीक्षाच होणार नाही. वय वाढेल तशी वाढ मंदावते, त्यासाठी घटता गुणक लावा. (१ − उंची ÷ कमाल उंची) हा गुणक मोहक दिसतो, पण तो उन्हातल्या रोपालाही सावकाश काळोखातल्याच उंचीवर नेऊन ठेवतो.

प्रश्न : तासागणिक हिशेब केला तर स कधी ८५, कधी उणे येतो.

उत्तर : तासाची पायरी फार मोठी आहे. प्र १०० असताना फायटोक्रोम दोन-तीन मिनिटांत समतोलाला पोचतो; तुम्ही त्याच वेगाने त्याला तासभर पुढे ढकलता. मग पहिल्या तासाला ८५, दुसऱ्याला उणे ८,४१५! दिवसा वरचं समतोलाचं सूत्रच थेट वापरा. रात्री आधीच्या स ला दर तासाला इ^(−र) ने गुणा (इ म्हणजे गणितातला e, सुमारे २.७१८), र = १ असताना ०.३७ ने. सूर्य मावळताच स शून्य धरू नका.

काळोखातल्या कुंड्या रोज उघडून मोजू नयेत, क्षणभराच्या उजेडानेही वाढ बदलते. प्रत्येक दिवसासाठी वेगळी कुंडी ठेवा आणि मोजली की बाद करा. मोहरी नसेल तर मूग चालेल, हरभरा नको; त्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात आणि वर येते ती दांडी वेगळी असते.