पांढऱ्या पत्र्यावरचे काळे ओघळ

प्रश्न : विश्रामबागेत माझा नाष्ट्याचा ट्रेलर आहे. पांढऱ्या पत्र्यावर खिडकीखाली काळे ओघळ येतात. तारेच्या घासणीनं काढले, तरी पावसानंतर परत हजर! काय करू?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आधी ती घासणी फेका. तिनं रंगावर चरे पडतात आणि काळं त्यातच जाऊन बसतं. मिरजेत माझ्या पहिल्या गाडीचं मी असंच वाटोळं केलंय. दुखणं बाजूच्या पत्र्याचं नाही, टपाचं आहे. तिथली धूळ, गळीत हंगामातली काजळी पाण्याबरोबर खाली उतरते. म्हणून शिडी लावून टप आधी धुवा. मग सावलीत, पत्रा गार असताना, गाडीचा शाम्पू आणि मऊ फडकं. खालून वर चोळा, पाणी मात्र वरून सोडा. वाळल्यावर मेणाचं पॉलिश. पन्हळीच्या टोकाला चार बोटं नळी बसवा, पाणी पत्र्यापासून लांब पडेल.