कैरोहून एका दिवसात पिरॅमिड बघायला प्रायव्हेट गाइड घ्यावा का?

फक्त गीझा बघायचं असेल तर नाही घेतला तरी चालतं, पण सक्कारा आणि दहशूर पण करायचं असेल तर घ्याच, कारण ही ठिकाणं नाईलच्या पश्चिमेला एकाच पट्ट्यात असली तरी लांब लांब आहेत आणि गाइडबरोबर आपल्यापुरती वेगळी गाडी असली की दिवस आरामात होतो. माझं मत विचाराल तर उलटं जा. आधी सक्कारा, तिथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, इजिप्तमधला सगळ्यात जुना, मग दहशूरचा वाकडा, जो नंतरच्या स्नेफ्रू राजाने बांधला आणि अर्ध्यावर उतार 54 अंशांवरून 43 वर आणला (बहुतेक तडे जायला लागले म्हणून), त्याच्याजवळच त्याचाच लाल पिरॅमिड, आणि शेवटी गीझाला त्याच्या पोराचा, म्हणजे खुफूचा. असं बघितलं की हे लोक चुकत चुकत कसे शिकले ते डोळ्यासमोर येतं, थेट गीझाला गेलात तर नुसते फोटो. खुफूच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं हां. आणि बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा, पपायरस-अत्तराच्या दुकानात न्यायचं नाही, नाहीतर दोन तास तिथेच जातात.