दोन मुले, आजी आणि दहा दिवसांचा प्रवास: सामान कमी कसे न्यावे आणि ते सुरक्षित कसे ठेवावे?

आपण विचारले आहे की, चार आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि सत्तरीतल्या सासूबाई यांना घेऊन आपण दोघे दहा दिवसांच्या प्रवासाला निघत आहात, तर सामान कमी कसे करावे आणि जे न्यायचे ते चोरीपासून व हरवण्यापासून कसे सांभाळावे. आपण हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून मांडले आहेत, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे, कारण कुटुंबाच्या प्रवासात सामान जाते ते बहुधा लक्ष पुरले नाही म्हणून, आणि डाग, म्हणजे सामानाचे नग, जितके जास्त तितके प्रत्येक डागाच्या वाट्याला येणारे लक्ष कमी.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण नऊ डाग घेऊन रात्रीच्या गाडीतून एका लहान स्थानकावर उतरलो. गाडी दोनच मिनिटे थांबणार होती, धाकटी मुलगी झोपेत माझ्या खांद्यावर होती आणि आईला पायरीवरून हात धरून उतरवायचे होते. फलाटावर उतरताच मी डाग मोजले, ते नऊ भरले आणि गाडी निघून गेली. पाच-दहा मिनिटांनी आईने औषधांची पिशवी मागितली तेव्हा लक्षात आले की, वाटेत उरलेले खाणे आणि मुलीचा ओला टॉवेल ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला होता, ती मी नववा डाग म्हणून मोजली होती. खरा नववा डाग, म्हणजे औषधांचा काळा पाऊच, खिडकीजवळच्या खुंटीला तसाच लटकत राहिला. औषधांची चिठ्ठीही त्याच पाऊचमध्ये असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी डॉक्टरांना गोळ्यांची नावे सांगता येईनात आणि आईचा रक्तदाबाचा डोस चुकला. त्या रात्रीपासून आमच्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या आहेत: प्रवासात नवा डाग तयार करायचा नाही, खुंटीला काही लटकवायचे नाही, आणि ज्या वस्तूवाचून अडेल ती व तिचा कागद एकाच पिशवीत ठेवायचा नाही.

म्हणून भरण्याची सुरुवात कपड्यांपासून करू नका, हातांपासून करा. आपल्याकडे मोठ्या माणसांचे चार हात आहेत. त्यांतला एक चार वर्षांच्या मुलासाठी आणि एक पायऱ्यांवर सासूबाईंसाठी कायम मोकळा हवा, तेव्हा उरलेल्या दोन हातांत चाकांच्या दोन बॅगा, दोघांच्या पाठीवर दोन सॅक आणि थोरल्याच्या पाठीवर त्याची स्वतःची लहान सॅक, असे पाच डाग होतात. थोरल्याच्या सॅकचे वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा, नाहीतर तासाभरात ती आपल्याच खांद्यावर येते. या पाचांत जे बसत नाही ते घरी राहील, हे भरण्याआधीच ठरवून टाकले की पुढची निम्मी वादावादी टळते. मोठ्या कडक कवचाच्या बॅगेचे रिकामे वजनच कित्येकदा चार किलोच्या आसपास असते, तेव्हा ती निवडताना हेही पाहा. वजन करायला वेगळा काटा लागत नाही. घरच्या वजनकाट्यावर एकदा बॅग घेऊन आणि एकदा बॅगेशिवाय उभे राहिले की फरक कळतो.

कपडे दिवसांच्या हिशेबाने भरले तर दहा दिवसांचे पाच जणांचे पन्नास जोड होतात, धुण्याच्या हिशेबाने भरले तर प्रत्येकी चार पुरतात, आणि धाकट्यासाठी सांडलवंडीचे आणखी दोन. त्यासाठी कापड मात्र पारखून घ्यावे लागते. पातळ कृत्रिम धाग्याचा कपडा रात्रीत वाळतो, जाड सुती कपडा किंवा जीन्स सकाळी दमटच असते, म्हणून जीन्स न्यायचीच असेल तर ती अंगावर घालून निघावे, तसेच सगळ्यांत जड बूटही पायांत असावेत. धुतलेला कपडा पिळून कोरड्या टॉवेलवर पसरावा, टॉवेलची घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघे टेकवून अर्धा मिनिट भार द्यावा. टॉवेल बरेचसे पाणी ओढून घेतो आणि वाळण्याचा वेळ खूपच कमी होतो. हवा काढून कपडे दाबणाऱ्या पिशव्यांबद्दल मात्र सावध राहा, कारण त्या जागा वाचवतात, वजन नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागेत आपण आणखी सामान भरतो.

‘असू दे, लागेल कदाचित’ या सदरातल्या वस्तूंचा निकाल निघायच्या आदल्या रात्री लावू नका, कारण थकलेला माणूस काहीच बाहेर काढत नाही. दोन दिवस आधी सगळे पलंगावर मांडा आणि प्रत्येक वस्तूला विचारा की, ही तिथे मिळेल का, आणि नाही मिळाली तर आपले अडेल का. औषधे, चष्मे, किल्ल्या, कागदपत्रे आणि मुलाचे झोपताना लागणारे खेळणे यांवाचून खरोखर अडते. तिसरी छत्री आणि चौथा स्वेटर यांवाचून अडत नाही.

दोन मोठ्या बॅगा भरताना एक बॅग मोठ्यांची आणि एक मुलांची असे करू नये. प्रत्येकाचे निम्मे कपडे प्रत्येक बॅगेत टाकावेत, म्हणजे एक बॅग चुकली किंवा उशिरा आली तरी कोणी एक जण अंगावरच्या कपड्यांनिशी उरत नाही. हाच न्याय पैशांना आणि कार्डांना लावा. दोघांकडे वेगवेगळ्या बँकेचे कार्ड आणि थोडी रोकड असावी, आणि एक राखीव कार्ड दोघांच्याही पाकिटाबाहेर तिसऱ्या ठिकाणी असावे.

कुलपांवर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बॅगेच्या चेनचे दोन्ही सरकते भाग कुलपाने एकत्र अडकवले तरी दातांच्या मधोमध बॉलपेनचे टोक जोराने खुपसले की नायलॉनची चेन उसवल्यासारखी उघडते, आणि आतले काढून घेतल्यावर तेच कुलूपबंद भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवले की ती पुन्हा मिटते. मालकाला घरी पोहोचेपर्यंत पत्ताही लागत नाही. विमान सुरक्षा यंत्रणेला उघडता येतील अशा कुलपांच्या सामायिक किल्ल्यांची छायाचित्रे तर २०१५ पासून सर्वत्र उपलब्ध आहेत. कुलूप लावू नये असे माझे म्हणणे नाही. ते सहज हात घालणाऱ्याला थांबवते आणि बॅग आपोआप उघडू देत नाही, पण चेक-इनच्या बॅगेत दागिने, रोकड, कॅमेरा किंवा लॅपटॉप ठेवण्याइतका भरवसा त्याच्यावर टाकू नये. या वस्तू न्यायच्याच असतील तर अंगावर किंवा पायांशी. रात्रीच्या गाडीत मात्र बॅगेची मूठ तारेच्या कुलपाने आसनाच्या पायाला बांधणे उपयोगी पडते, कारण तिथला चोर घाईत असतो.

गर्दीत सॅक छातीकडे घ्या. कोणी अंगावर काही सांडले, पत्ता विचारत नकाशा समोर धरला किंवा पायाशी नाणी पडली, तर आधी हात स्वतःच्या पिशवीवर ठेवा आणि मग बोला. विमानतळावरच्या तपासणीत आपल्यासारख्या कुटुंबाचे सामान सगळ्यांत उघडे पडते. रांगेत असतानाच मोबाइल, पाकीट, घड्याळ आणि कमरेचा पट्टा सॅकच्या आतल्या कप्प्यात टाका, म्हणजे ट्रेमध्ये सुटे काही राहत नाही. एका मोठ्या माणसाने आधी पलीकडे जावे, मग मुले आणि सासूबाई, आणि शेवटचा डाग यंत्रात शिरल्यावरच दुसऱ्याने पाऊल टाकावे.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती सोबतच ठेवावी लागते आणि साधारण मर्यादा १०० वॅट-तासांची असते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तासांची होते, त्यामुळे ती या मर्यादेत बसते. बॅग देण्याआधी तिचे बाहेरून एक आणि उघडून आतून एक छायाचित्र घ्या, जुन्या प्रवासाच्या पट्ट्या काढून टाका, आणि आतही नाव व फोन क्रमांकाचे कार्ड ठेवा. बाहेरच्या कार्डावर घरचा पत्ता लिहू नये, कारण घर रिकामे आहे हे त्यावरून कळते. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर नोंद करून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीच्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते, आणि ती मुदत चुकली तर बाजू खरी असूनही दावा सहसा टिकत नाही.

मोबाइल गेला तर त्याच्या किमतीपेक्षा त्यातले सिम महाग पडते. चोराने ते दुसऱ्या फोनमध्ये घातले की बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. घरी असतानाच सिमला पिन लावा, मात्र तीन वेळा चुकीचा पिन दिल्यास ते बंद होते आणि पीयूके क्रमांक, म्हणजे सिम कंपनीकडून मिळणारा सिम पुन्हा उघडण्याचा क्रमांक, मागते, तेव्हा तो क्रमांक आधी मिळवून कागदावर लिहून ठेवा. *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, आणि कार्ड बंद करण्याचे दूरध्वनी त्याच कागदावर घ्या. त्याच्या दोन प्रती करा, एक आपल्याकडे आणि एक सासूबाईंकडे, म्हणजे दोन्ही मोबाइल एकाच पिशवीत गेले तरी मार्ग उरतो.

खोली सोडताना एकाने मुलांना घेऊन बाहेर थांबावे आणि दुसऱ्याने एकट्याने आत फिरावे. उशीखाली, न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर, तिजोरीत आणि प्रत्येक प्लगपाशी बघावे. चार्जर सगळे एकाच ठिकाणी लावायची शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवली तर हे काम एका मिनिटाचे होते.

आणि मोजणीचे काम थोरल्या मुलाला द्या. माझ्या धाकटीने नऊ वर्षांची झाल्यावर ते हौसेने उचलले. प्रत्येक दारातून बाहेर पडताना ती डागांना हात लावत मोठ्याने आकडा म्हणते, आणि कोणाच्या हातात सहावी पिशवी दिसली की ती कोणत्या बॅगेत जाणार ते विचारल्याशिवाय पुढे सरकू देत नाही.