वाचकांचे प्रश्न : रूळ आहेत, मग पॅसेंजर का नाही?

*मिरज–पंढरपूर मार्गावर मालगाड्या सतत दिसतात. मग सकाळी कामाच्या वेळेला मिरजेत सोडणारी आणखी एक पॅसेंजर टाकायला अडचण काय? – एक वाचक, कवठेमहांकाळ*

अडचण रुळांची नाही, वेळेची आहे. हा मार्ग एकेरी आहे. दोन क्रॉसिंग स्टेशनांच्या (जिथे जादा रुळावर एक गाडी बाजूला घेऊन दुसरी पुढे काढता येते) मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असते आणि ती पुढच्या स्टेशनात पूर्ण शिरल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही. अशा मार्गावर दिवसाला किती गाड्या मावतील, हे रेल्वे स्कॉटच्या सूत्राने काढते: दिवसाची १४४० मिनिटं भागिले (सगळ्यात संथ गाडीला तो तुकडा ओलांडायला लागणारा वेळ अधिक लाइन क्लिअर, म्हणजे ‘पुढचा तुकडा मोकळा आहे’ अशी परवानगी, देण्याघेण्याचा वेळ), गुणिले ०.७.

आकडे घालून पाहा. तुकडा १० किलोमीटरचा आणि मालगाडीचा वेग ताशी ४० असेल, तर ओलांडायला १५ मिनिटं लागतात. त्यात ५ मिनिटं कामकाजाची धरली की १४४० भागिले २० म्हणजे ७२, आणि त्याच्या ०.७ पट म्हणजे ५०. या ५० गाड्या दोन्ही दिशांच्या मिळून. आता मधलं एक क्रॉसिंग स्टेशन बंद करून तिथे नुसता हॉल्ट (फक्त थांबा) ठेवला, तर तुकडा २० किलोमीटरचा होतो, वेळ ३० अधिक ५ आणि क्षमता येते २८ वर. सगळ्या मार्गाची मर्यादा हा सर्वांत लांब तुकडाच ठरवतो. आपल्याकडे हॉल्ट झाला की लोकांना तिकीट खिडकी गेल्याचं दुःख होतं. खरं नुकसान लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ, गेल्याचं असतं.

लूप आहे, पण आखूड आहे, हाही घोळ असतो. बॉक्सएन वॅगन, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, साधारण १०.७ मीटरची. ५८ वॅगनांची गाडी म्हणजे ६२० मीटर, वर इंजिन आणि ब्रेकव्हॅन. म्हणून लूपमध्ये निदान ६८६ मीटर मोकळी जागा लागते. त्याहून कमी असेल तर मालगाडी बाजूला घेताच येत नाही आणि पॅसेंजर दोन स्टेशनं अलीकडे ताटकळते. तेव्हा मागणी करताना ‘गाडी द्या’ एवढंच लिहू नका. कोणत्या दोन स्टेशनांमधली लूप वाढवली किंवा पुन्हा सुरू केली तर सकाळचा पाथ (वेळापत्रकातली मोकळी जागा) निघेल, ते लिहा.

*कारखान्याकडे किंवा गोदामाकडे जाणारा जुना मालवाहतुकीचा फाटा असेल, तर त्यावर डेमूचे (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या गाडीचे) दोन डबे चालवायला काय हरकत आहे? – एक वाचक, कोरेगाव*

हरकत कायद्याची आहे, आणि ती योग्यच आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम २१ व २२ नुसार मंजुरी मिळाल्याशिवाय कोणतीही लाइन प्रवासी वाहतुकीला खुली करता येत नाही, आणि त्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे येतात. त्यामुळे ‘वरून फोन आला’ म्हणून पाहणी उरकली, असं सहसा होत नाही.

पाहणीत काय अडतं? आधी सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड. साईडिंगचा (अशा मालफाट्याचा) सांधा पुष्कळदा हाताच्या लिव्हरने बदलतात. प्रवासी गाडीच्या वाटेवरचा सांधा सिग्नलशी जोडलेला आणि कुलूपबंद लागतो. सांधा नीट बसला नसेल तर गाडीला पुढे जायचा सिग्नल मिळताच कामा नये.

मग रूळ. जुन्या फाट्यांवर १३ मीटरचे तुकडे फिशप्लेटने (दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) जोडलेले असतात. हिशोब केला तर किलोमीटरला सुमारे १५४ जोड, प्रत्येक जोडाला २ फिशप्लेट आणि ४ बोल्ट. थंडीत जोडाची फट उघडते, उन्हाळ्यात मिटते. बोल्ट सैल झाला की प्रत्येक चाक रुळाचं टोक ठोकत जातं, टोक चेपतं आणि त्याखालचा स्लीपर खचतो. काळ्या मातीवरचा भराव असेल तर पावसाळ्यात खडीतून चिखल वर येतो, आणि एकदा तो आला की नुसती खडी टाकून भागत नाही. जुनी उपसून, चाळून, पाण्याला वाट करूनच नवी भरावी लागते. ताशी १५ ने जाणारी मालगाडी हे सहन करते. प्रवासी गाडी त्याच वेगाने नेली, तर शेजारून एसटी पुढे जाईल आणि महिनाभरात डबे रिकामे होतील.

शिवाय फाटा मुख्य मार्गाला मिळतो तिथे गाडी उलटी फिरवायची, की थेट पुढे न्यायची? लोणंद–फलटण पाहा. २०१९ मध्ये गाडी फलटणहून लोणंदपर्यंतच होती. २०२१ मध्ये फलटण–पुणे थेट डेमू सुरू झाली. सव्वीस-सत्तावीस किलोमीटर जाऊन गाडी बदला म्हटलं, तर कोण बदलेल?

*मालगाड्यांमुळे वळणावर पॅसेंजरचा वेग कमी ठेवावा लागतो, असं ऐकलं. खरं का? – एक वाचक, वाठार स्टेशन*

अर्धं खरं आहे. वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो, त्याला कँट म्हणतात. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १०० च्या गाडीला पूर्ण तोल साधायला सुमारे १५७ मिलिमीटर उचल हवी. ताशी ३० ने चढणाऱ्या मालगाडीला फक्त १४ पुरते. १५७ दिली तर संथ मालगाडीचा सगळा भार आतल्या रुळावर येऊन तो झिजतो. १४ च दिली तर पॅसेंजर बाहेर रेटली जाते. नियमात ७५ पर्यंत कमी आणि ७५ पर्यंत जास्त चालते. म्हणून ८२ ठेवायची: वेगवान गाडीला ७५ कमी, मालगाडीला ६८ जास्त, दोघंही मर्यादेत. म्हणजे या वळणावर दोन्ही गाड्या सुखाने नांदतात. त्रिज्या याहून लहान झाली, घाटात होतेच, की हिशोब जमत नाही आणि पॅसेंजरचा वेग उतरवावा लागतो.

*फलाट इतका खाली का, की म्हाताऱ्या माणसाला उडी मारावी लागते? – एक वाचक, भिलवडी*

कमी उंचीचा फलाट रुळापासून ४५५ मिलिमीटर असतो, उंच फलाट ७६० ते ८४०. दर पॅकिंगला, म्हणजे रुळाखाली खडी ठासताना, खडी भरून रूळ थोडा वर येतो. फलाट मात्र जागच्या जागी राहतो. उंची वाढवण्याचं काम विभागाच्या पातळीवर मागता येतं. सगळा फलाट मागू नका. आठ डब्यांच्या मेमूला (विजेवरच्या लोकलसारख्या गाडीला) १८० ते १९० मीटर पुरतात, खर्चही त्याच हिशोबाने उतरतो.

*अर्ज कोणाकडे आणि कसा करायचा? – एक वाचक, मसूर*

पुणे–मिरज मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो, मिरजेपुढे कुर्डुवाडीकडे सोलापूर विभाग, लोंढ्याकडे हुबळी विभाग. मिरज ओलांडणारी गाडी हवी असेल तर दोन्ही विभागीय व्यवस्थापकांना एकच मजकूर पाठवा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. प्रत विभागीय उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्याला द्या.

मजकुरात ‘हजारो प्रवासी’ नको. सात दिवस सकाळी ७ ते १० एसटी स्टँडवर उभं राहून कोणत्या गावाहून कुठे किती जातात ते मोजा. विद्यार्थी आणि पासधारक वेगळे लिहा. आषाढीचा किंवा यात्रेचा आठवडा धरू नका, त्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. नव्या गाडीपेक्षा चालू गाडीचा विस्तार मागणं सोपं: एखादी डेमू टोकाच्या स्टेशनावर तीन-चार तास उभी असेल, तर तोच रेक (डब्यांचा संच) मधल्या वेळात एक फेरी मारू शकतो का, ते विचारा. तिथे रेक उभा करायला मोकळी लाइन आणि गार्ड-ड्रायव्हरच्या ड्युटीचे तास उरतात का, हेही बघावं लागेल.

आणि एसटी विसरू नका. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, कराडचं ओगलेवाडीला, दोन्ही शहराबाहेर. गाडी ९ ला आली आणि शहरात जाणारी बस ९.४० ला असेल, तर तो प्रवासी दुसऱ्या दिवशी घरूनच एसटीने निघतो. आगाराला तोच वेळ कळवणारं पत्र रेल्वेच्या अर्जाला जोडा.