कोकण किनाऱ्यावर घरातल्या सर्वांना झेपेल असा सायकलचा मार्ग कोणता?

आपण पुण्याहून विचारले आहे की, डिसेंबरात चार दिवस कोकणात सायकलवर फिरायचे आहे. सोबत गुडघ्यांची तक्रार असलेले 64 वर्षांचे वडील, 11 वर्षांची मुलगी आणि दिवसाला शंभर किलोमीटर सहज मारणारा धाकटा भाऊ आहे, तर सर्वांना जमेल असा मार्ग कोणता? मी दापोलीचा आहे आणि गेली बारा वर्षे या किनाऱ्यावर सायकल चालवतो, तरीही आपल्याला दापोलीला बोलावणार नाही. आपण दिवेआगरला मुक्काम करावा आणि तिथून श्रीवर्धनपर्यंतचा किनारा फिरावा.

याचे कारण कोकणच्या जमिनीत आहे. इथले अंतर किलोमीटरांत मोजून उपयोग नाही, चढांत मोजावे लागते. गाव पुळणीलगत किंवा खाडीच्या तोंडाशी वसलेले असते, त्याच्या पाठीशी जांभ्याचा सडा, म्हणजे उंच कातळी पठार उभे असते, सड्यावरून पलीकडे उतरले की पुढची खाडी आणि पुढचे गाव. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग बहुतेक ठिकाणी असाच वर-खाली होत जातो. दापोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फूट उंचीवर आहे, त्यामुळे तिथून किनाऱ्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता सकाळी आनंदाने उतरतो आणि दुपारी तोच वसूल करून घेतो. एकदा माझ्या मेहुण्यांना मी आसूदच्या उतारावरून मुरूडला नेले. जाताना ते गाणी म्हणत होते. परतताना आसूदच्या अलीकडेच त्यांनी सायकल बांधाला टेकवली, एक शब्द न बोलता खाली बसले, आणि शेवटी नारळ घेऊन निघालेल्या एका टेम्पोत आम्ही दोघे सायकलींसह दापोलीला पोचलो. त्या दिवसापासून मी कुणालाही मार्ग सांगताना आधी चढ मोजतो.

दिवेआगर गाव सपाट आहे. सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या अरुंद आणि सावलीच्या आहेत, आणि ओहोटीला समुद्रकाठची ओली वाळू इतकी घट्ट होते की तिच्यावरून मुलीला सायकल चालवता येईल. मात्र त्यानंतर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. पहिला दिवस एवढ्यावरच ठेवावा. दुसऱ्या दिवशी उजाडताच भरडखोल, शेखाडी, आरावी या वाटेने श्रीवर्धनला निघावे. एकेरी अंतर सुमारे 20 किलोमीटर आहे, मोठा घाट नाही, आणि बराच वेळ उजव्या हाताला समुद्र अक्षरशः रस्त्याला लागून असतो. छोटे चढ आहेत, पण ते असे आहेत की वडिलांनी उतरून सायकल हातात धरून चालावे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटू नये. कोळीवाड्यांतून जाताना वेग कमी ठेवावा, कारण रस्त्याच्या कडेला जाळी पसरलेली असतात. नायलॉनचा एक तुटका धागा माझ्या मागच्या गिअरमध्ये असा गुंतला होता की चाक जागीच अडकले. जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका मावशींनी हातातली सुरी पुढे केली आणि मी सोडवेपर्यंत, सायकल एवढी महाग असून एका दोऱ्याने कशी बंद पडते, हे शेजारणीला सांगून त्या पोटभर हसल्या.

परतीचा विचार जाण्याआधीच करावा, कारण तो वाऱ्याशी निगडित आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे हलके वाहतात आणि साधारण अकरानंतर खारे वारे सुरू होतात, ते या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतात. श्रीवर्धन दक्षिणेला असल्याने दुपारी परतताना हा वारा तोंडावर येतो आणि सपाट रस्ताही चढासारखा वाटू लागतो. म्हणून वडील आणि मुलगी यांनी श्रीवर्धनला जेवून गाडीने परत यावे. मुळात पुण्याहून निघतानाच गाडीच्या मागे सायकलींचे स्टँड लावून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असे येणे हेच आपल्याला सोयीचे पडेल. रेल्वेने सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात चढवावी लागते, आणि लहान स्थानकांवर गाडी जेमतेम थांबते तेवढ्यात ती उतरवून घेण्याची धांदल लहान मुलीसोबत नको.

भावाला या आखणीत कंटाळा येईल अशी शंका आपल्याला असेल, पण दोन्ही बाजूंना त्याच्यासाठी खाड्या आहेत. उत्तरेकडे दिघीला जाऊन फेरीबोटीने राजपुरी खाडी ओलांडली की आगरदांडा आणि पुढे जंजिऱ्याचे मुरूड. दक्षिणेकडे श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर, बागमांडला आणि तिथल्या फेरीबोटीने सावित्रीपलीकडे वेशवी, मग बाणकोटच्या किल्ल्यापर्यंतचा चढ. दोन्ही दिवशी तो संध्याकाळी जेवायला आपल्यात असेल. फेरीबोटीत सायकलीवर बसून चढू नये, हे त्याला आवर्जून सांगावे, कारण ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि तिथल्या शेवाळावर चांगले चांगले आडवे होतात. पुढे कधी तो एकटा आला, तर दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर, तिथून हेदवीवरून तवसाळ, पुन्हा फेरीने जयगड, आणि गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी हा मार्ग त्याचा आहे. तो सुंदर आहे आणि आपल्यासाठी मुळीच नाही.

चार दिवसांऐवजी दोनच दिवस मिळाले, तर अलिबाग ते रेवदंडा हा रस्ता घ्यावा. आक्षी, नागाव, चौल या वाड्यांमधून तो जवळजवळ सपाट जातो. गैरसोय एवढीच की शनिवार-रविवारी मोटारींची गर्दी असते, म्हणून नागावच्या आतल्या गल्ल्या धराव्यात. मालवणहून तारकर्ली आणि देवबागला जाणारी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी तर मुलांसाठी याहून सोपी आहे, पण पुण्याहून ती लांब पडते. मुंबई-गोवा महामार्गावर मात्र मुलीला घेऊन एक किलोमीटरही जाऊ नये.

सायकलींबद्दल थोडेसे. शर्यतीच्या बारीक टायरांपेक्षा मध्यम जाडीचे टायर घ्यावेत, कारण गावांतल्या रस्त्यांवर खडी उखडलेली असते. वडिलांच्या सायकलीला सर्वांत हलका गिअर खरोखर हलका आहे ना, हे पुण्यातच एखाद्या टेकडीवर पाहून घ्यावे. शक्य असल्यास त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल भाड्याने आणावी. जादा ट्यूब, पंप आणि साखळीचे तेल सोबत असू द्यावे, कारण इथल्या पंक्चरवाल्यांकडे गिअरच्या सायकलीचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. आणि मुक्कामाच्या घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवावे की सहाला चहा आणि साडेसहाला घावणे हवेत, नाहीतर नाश्ता नऊला मिळतो आणि मतलई वारे तोवर संपत आलेले असतात.