जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये किंवा जवळपास फुकट तंबू ठोकून राहता येते का?

मार्चअखेरच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या या पार्कमधल्या कॅम्पग्राउंडचे आरक्षण संपले आहे. अशा वेळी दोन मुले आणि भारतातून आलेले आईवडील यांना घेऊन आत कुठेतरी गाडी लावून दोन रात्री काढता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. पार्कच्या हद्दीत तसे करता येत नाही. ठरवून दिलेल्या जागेखेरीज रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये गाडीत झोपणेसुद्धा नियमाबाहेर आहे. पाठीवर सामान आणि पाणी घेऊन रस्त्यापासून दूर चालत जाऊन मुक्काम करण्याची सोय आहे, परंतु त्यासाठी परवाना लागतो, तिथे शेकोटी पेटवता येत नाही, आणि लहान मुले व वडीलधारी माणसे बरोबर असताना हा मार्ग विचारात घेण्यासारखा नाही.

फुकट जागा आहे ती पार्कच्या बाहेर, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या जमिनीवर. उत्तरेला जोशुआ ट्री गावापलीकडे एक कोरडे तळे आहे. पार्कचे पश्चिमेकडचे प्रवेशद्वार तिथून जवळ पडते, म्हणून गर्दीही तिथेच होते. सपाट मैदान असल्यामुळे वारा सुटला की धुळीचा लोट थेट तंबूत शिरतो, आणि पाऊस झाला तर त्या मातीत चाके रुततात. माझी पसंती दक्षिणेकडच्या जागेला आहे. लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट १० ने येताना १६८ क्रमांकाच्या एक्झिटला उतरून कॉटनवुड स्प्रिंग्ज रोडने उत्तरेकडे वळले की पार्कची पाटी लागण्याआधी दोन्ही बाजूंना कच्च्या वाटा फुटतात. महामार्गावरच्या ट्रकचा आवाज रात्रभर येत राहतो, त्यामुळे थोडे आत जावे. मात्र साधी गाडी असेल तर पुढची वाळू आधी पायी चालून पाहावी, कारण भुसभुशीत वाळूत रुतलेली गाडी ओढून काढण्याचा खर्च कोणत्याही मोटेलच्या भाड्याहून जास्त होतो. आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा: ज्यांच्यावरून पार्कला नाव पडले ती जोशुआची झाडे या बाजूला नाहीत. हा वाळवंटाचा सखल आणि उष्ण भाग आहे, इथे क्रिओसोटची आणि काटेरी, काठीसारख्या फांद्यांच्या ओकोटिओची झुडपे दिसतात. जोशुआ वृक्ष उत्तरेकडच्या उंच भागात आहेत आणि तिथे पोहोचायला गाडीने तासभर तरी लागतो.

नियम सोपे आहेत. एका ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि आधीच्या लोकांनी वापरलेल्या मोकळ्या जागेवरच तंबू ठोकायचा असतो. दुसरा नियम जुलमी वाटतो खरा, पण त्याचे कारण याच परिसरात डोळ्यांनी पाहता येते. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनी या वाळवंटात रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र उभारले होते, आणि त्या वेळच्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही स्पष्ट दिसतात. मातीवर सूक्ष्म जीवांनी बांधलेला जिवंत पापुद्रा एकदा मोडला की इतक्या कमी पावसात तो भरून यायला दशके लागतात. जानेवारी २०२५ मध्ये पार्कच्या दक्षिणेकडील बरीचशी जमीन चकवाला नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे केंद्र सरकारने संरक्षित केलेला प्रदेश, म्हणून घोषित झाली आहे, तेव्हा निघण्यापूर्वी ब्यूरोच्या पाम स्प्रिंग्जच्या कार्यालयात फोन करून ताजे नियम विचारावेत.

खरी तयारी लागते ती पाण्याची. माणशी दिवसाला चार लिटर धरले तर सहा जणांना दोन दिवसांचे ४८ लिटर होतात, आणि ते केवळ पिण्यापुरते. भांडी घासायला वेगळे. म्हणून तिथे खिचडीचा कुकर लावण्याच्या फंदात पडू नये. घरूनच दशम्या, धपाटे, कोरडी चटणी न्यावी आणि स्टोव्हवर फक्त चहा करावा. त्या स्टोव्हसाठीही कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परवाना लागतो, तो ऑनलाइन फुकट मिळतो. शौचालय नाही. कोरड्या वाळवंटात पुरलेली घाण लवकर कुजत नाही आणि वाऱ्याने उघडीही पडते, तेव्हा त्यासाठी मिळणाऱ्या बंद पिशव्या वापरून त्या परत आणाव्यात. झुडपाझुडपाला अडकलेले कागद पाहिले की आपल्याआधी कोण कसे राहून गेले ते समजतेच.

आभाळ निरभ्र असले तरी कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये, दूर डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी तिथे अचानक येते. वसंतात संध्याकाळी वारा जोर धरतो आणि वाळूत खुंट्या टिकत नाहीत, म्हणून चार पिशव्या न्याव्यात आणि तिथेच वाळूने भरून तंबूच्या कोपऱ्यांना बांधाव्यात. मुलांच्या बुटाला चोया निवडुंगाचा गोळा चिकटला तर हाताने ओढू नये; कंगवा काटे आणि बूट यांच्या मधे सरकवून झटका दिला की तो सुटतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून चारही चाकांमागे पाहावे. वाळवंटी कासव सावलीसाठी गाडीखाली येऊन बसते आणि या दिवसांत ती बिळाबाहेर असतात. दिसले तर उचलू नये, कारण घाबरलेले कासव साठवलेले पाणी मूत्रावाटे टाकून देते आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत ते त्याच्या जिवावर बेतू शकते. ते आपणहून जाईपर्यंत थांबावे, मग अर्धा तास गेला तरी चालेल.

आईवडिलांबाबत माझे मत वेगळे आहे. अंधारात, शौचालयाशिवाय, वाऱ्याने फडफडणाऱ्या तंबूत त्यांना झोप लागेल असे मला वाटत नाही. इंडिओ हे शहर दक्षिणेकडच्या त्या जागेपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास आहे. त्यांच्यासाठी तिथे एक खोली घ्या, संध्याकाळचे जेवण सर्वांनी तंबूपाशी करा आणि चांदणे पाहून झाले की तुमच्यापैकी एकाने त्यांना खोलीवर सोडून तिथेच मुक्काम करा, म्हणजे रात्री त्या कच्च्या वाटेने पुन्हा गाडी आणावी लागणार नाही.